पाचवा उपाय

आमच्या खोलीत चोराला नेण्यासारखं काय होतं, याचा विचार केला की मला आजही आधी हसू येतं आणि मग राग येतो. एक काळा-पांढरा टीव्ही होता, थापट मारल्याशिवाय त्यात चित्र दिसत नसे. आईच्या लग्नातला तांब्याचा हंडा आणि एक जुना रेडिओ होता. स्टीलची भांडी, दोन गोधड्या आणि माझ्या धाकट्या भावाची तीनचाकी सायकल, तीही दोनच चाकं शिल्लक असलेली. एवढ्या ऐवजाच्या राखणीसाठी आमच्या घरात जे काही झालं, ते मला कुणाला सांगायचं धाडस झालेलं नाही. आता सांगते.

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या बाजूला दहा खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या आठ खोल्या आम्हा धुळे-जळगावकडच्या लोकांच्या, एक रिकामी आणि एक गुजराती मासीची. मासीचे यजमान पलसाण्याच्या रस्त्यावर कपडा रंगवायच्या मिलमध्ये जात. माझे वडील लूम चालवत. लूमच्या कारखान्याला सगळे खातंच म्हणायचे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, आणि पाळी बारा तासांची.

प्लेगच्या साली सगळी ओळ कुलपं ठोकून गावी पळाली होती. परतलो तेव्हा दोन खोल्यांची कुलपं तुटलेली होती. आमचं शाबूत होतं. पण त्या दोन तुटक्या कुलपांनी वडिलांच्या मनात जे घर केलं ते केलंच. त्यानंतर ते कामावर जाताना दाराची कडी तीनतीनदा ओढून बघायचे. आई आत असली तरी.

ही गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली आहे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आखाजी जवळ आली होती. इतर ठिकाणी अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस असतो. आमच्या खानदेशात तो सासरी गेलेल्या लेकींनी माहेरी यायचा दिवस. निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात आणि कालपर्यंत सासूसमोर मान खाली घालून वावरणाऱ्या बाया मोठ्यानं गाणी म्हणत झोक्यावर उभ्या राहतात. माझी आई तीन आखाज्या माहेरी गेलेली नव्हती. एका वर्षी भाऊ पोटात होता, एका वर्षी तो आजारी होता आणि एका वर्षी वडील नको म्हणाले म्हणून. कारण त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

त्या वर्षी तिच्या गावचा एक माणूस खात्यात कामाला लागला. त्याच्याकडून आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, निरोप आला. आजीला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. निरोप एवढाच होता : "आवंदा येजो. दिसत नही, पन हात लाईसन देखसू." यंदा ये, दिसत नाही, पण हात लावून बघीन. आईनं तो निरोप त्या माणसाला दोनदा सांगायला लावला. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं पदर तोंडाला लावला होता.

वडील जेवत होते तेव्हा तिनं विषय काढला. वडिलांनी भाकरीवरची नजर काढली नाही.

"मी बारा घंटा खातामा ऱ्हास. घर कोन देखी?"

"घर भरेल दिसनं म्हंजे झायं ना?" आई म्हणाली.

"दिसाडी दे. मंग जा."

घर भरलेलं दिसलं पाहिजे, दाखवून दे, मग जा. बस्स, एवढ्यावर ती कामाला लागली. माझ्या आईला कुणी अट घातली की ती खरंच पाळायची असते असं वाटायचं. हा तिचा मोठा दोष.

आता यात माझा हात कसा आला ते सांगते. मी गुजराती शाळेत जायचे, त्यामुळे घरात गुजराती वाचता येणारी मी एकटी. त्याच आठवड्यात नाक्यावरून फाफडा आणला, तो ज्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आला त्यावर बंद घर चोरांपासून कसं वाचवायचं याचे उपाय छापलेले होते. मी वाचून दाखवलं आणि आईच्या हातातलं लाटणं थांबलं. तिनं तो कागद माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला, मग तेल टिपून देवाच्या फोटोमागे ठेवला.

पहिला उपाय होता, दारावर बाहेरून मोठं कुलूप लावू नका. कुलूप म्हणजे घरात कुणी नाही याची पाटीच. आमच्या खोलीला मोरीच्या बाजूनं एक मागचं दार होतं. आईनं ठरवलं, पुढचं दार आतून बंद करायचं आणि वडिलांनी मागून ये-जा करायची. तिथं छोटं कुलूप, वर जुनं पोतं टांगलेलं. दुसरा उपाय, तिन्हीसांजेला दिवा लागला पाहिजे आणि आत आवाज पाहिजे. त्यासाठी रेडिओ. तिसरा, दाराबाहेर चपला आणि दोरीवर कपडे. चौथा, विश्वासातल्या शेजाऱ्याला सांगून ठेवा. मासी लगेच हो म्हणाली. सकाळी दारात पाणी शिंपडीन, दोरीवर तुझी साडी घालीन, संध्याकाळी काढीन आणि मागच्या कुलपाच्या दुसऱ्या किल्लीनं आत येऊन दिवा-रेडिओ चालू करीन, असं तिनं तिच्या गुजराती-हिंदीत कबूल केलं.

पाचव्या उपायाशी कागद फाटलेला होता. "पांचमुं, घरना बारणा आगळ" इतकंच. पाचवं, घराच्या दारापुढं. दारापुढं काय करायचं ते दुसऱ्या कुणाच्या फाफड्याबरोबर गेलं होतं.

"दारफुडे काय?" आई मला विचारायची. जसं काही मला ठाऊक आहे आणि मी सांगत नाही. भांडी घासता घासता एकदम विचारायची. एकदा तर मला झोपेतून उठवून विचारलं. तिला वाटायचं चार उपाय करून पाचवा राहिला तर वडील त्याच पाचव्यावर बोट ठेवतील. माझ्या जिवाला ते लागून राहिलं. आईचं गावी जाणं न जाणं आता मी काय वाचते यावर आहे, असं मला वाटायला लागलं.

निघायच्या आदल्या रविवारी आईनं रंगीत तालीम घेतली. जुन्या बाजारातून आणलेल्या भल्या मोठ्या पुरुषी चपला दारात ठेवल्या. असल्या चपलांचा मालक घरात असता तर आम्हाला बसायला जागा उरली नसती. भावानं त्या चिखलात बुडवून आणल्या, म्हणजे नुकताच कुणी आलाय असं वाटावं. रेडिओ लावला, दिवा लावला, पुढचं दार आतून लावून आम्ही मागून बाहेर पडलो आणि लांबून फिरून आमच्याच दारावरून अनोळखी माणसांसारखे गेलो. आईच्या हातात पिशवी होती. ती चोराच्या नजरेनं बघत होती, म्हणजे डोळे बारीक करून.

"काय दिसस?" तिनं मला विचारलं.

"कोनीतरी शे," मी म्हणाले. कुणीतरी आहे.

तिला इतका आनंद झाला की भर रस्त्यात तिनं माझा गालगुच्चा घेतला. वडिलांनी संध्याकाळी पाहणी केली. चपला बघून ते हसले, आणि ते हसले म्हणजे हो झालं असं आम्ही धरलं. आईनं पत्र्याची पेटी काढली. आजीसाठी तिनं एक मऊ साडी घेऊन ठेवली होती. रंग कुठलाही चालेल, हाताला कळली पाहिजे, असं म्हणत तिनं दुकानात डोळे मिटून दहा साड्या चाचपल्या होत्या. ती साडी सगळ्यात खाली ठेवली.

आखाजीला दोन दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडं जाणारी तापीलाइनची गाडी. ओळीतल्या बहुतेक बाया आधीच गावी गेल्या होत्या, राहिले होते ते पाळीवरचे पुरुष. दुपारी आई भावाला घेऊन पाटियावर प्रवासाची काहीतरी खरेदी करायला गेली. मी घरात एकटी होते आणि मला पाचवा उपाय सुचला.

आखाजीच्या सकाळी आमच्याकडे उंबरठा पुजतात. ओल्या कुंकवात बोट बुडवून उंबरठ्यावर एकेक ठसा उमटवायचा आणि प्रत्येक ठशाला घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. म्हणजे ते त्या दिवशी जेवायला येतात. हे काम घरातल्या बाईचं. मला वाटलं, चोर आपल्याकडचा असला तर? आखाजीच्या दिवशी कोरा उंबरठा बघून तो लगेच ओळखेल की घरात बाई नाही. आणि कागदात तरी काय लिहिलं होतं? घराच्या दारापुढं. मला ते एवढं बरोबर वाटलं की मी लगेच कामाला लागले; उद्या तर आम्ही निघणारच होतो.

आमच्या खोलीला लाकडाचा उंबरठा नव्हता. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून सिमेंटची दोन बोटं उंच पट्टी होती. मी आईच्या करंड्यातलं कुंकू वाटीत कालवलं आणि सहा ठसे उमटवले. वडिलांचे वडील, त्यांची आई, एक चुलते, अशी मला माहीत असलेली सहा नावं घेतली. आई आल्यावर सांगू, नाही, तिला स्वतःच दिसू दे, असा विचार करून मी वाटी धुऊन ठेवली. पण ती आली ती मागच्या दारानं. पुढचं दार मी तिच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा आतून लावून घेतलं होतं ना.

दिवेलागणीला मासी आपल्याला काय काय करायचं ते पुन्हा समजून घ्यायला आली. दारात वाकली आणि किंचाळली.

"आ शुं छे? आ तो निशान छे, बेन! निशान!"

निशाण हा शब्द तेव्हा पाण्याच्या नळावर रोज ऐकू यायचा. चोरांच्या टोळ्या आधी एखाद्या बाईला नाहीतर पोराला पाठवतात, ते दारावर खूण करून जातात आणि तिसऱ्या दिवशी टोळी येते, असं सगळे सांगत. कुणी फुली म्हणे, कुणी गोल. पाहिलेलं कुणीच नव्हतं. आता पाहायला मिळालं. पाच मिनिटांत ओळीतले सगळे पुरुष आमच्या दारात. सहा ठिपके म्हणजे सहा जण येणार, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, छे, लाल म्हणजे घरात सोनं आहे. एक म्हातारे बाबा हळूच म्हणाले, "आखाजीना बोटं वाटतंस." त्यांना सगळ्यांनी गप्प केलं. आखाजी परवा, बोटं आज कशी उमटतील?

तेवढ्यात वडील पाळीवरून आले. केसांत सुताची पिसं, हातात डबा. गर्दी बघून आधी त्यांचा चेहराच पडला. मग ठसे दिसले आणि मग त्यांना संताप आला. पण चोर तर समोर नव्हता.

"जेनी करं व्हई, तेना हात तोडी टाकसू!" ते ओरडले.

माझं उजव्या हाताचं बोट अजून लाल होतं. कुंकू लवकर निघत नाही. मी मूठ आवळली आणि ती फ्रॉकच्या घडीत लपवली. सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. बाबा, मी केलं, पाचवा उपाय म्हणून केलं. पण एवढी माणसं, तो आवाज, ते हात तोडायचं. मी मासीच्या मागे सरकले.

वडिलांनी आईला विचारलं, "तू लावात का?"

आई उंबरठ्याशी उकिडवी बसली. एका ठशावर तिनं आपलं बोट ठेवून पाहिलं. मग मान वर करून तिनं पाहिलं ते माझ्याकडे. मग ती वडिलांना म्हणाली, "नही."

"झायं मंग. आते कोनी कोठे जावानं नही."

आता कुणी कुठं जायचं नाही. एवढं बोलून ते हातपाय धुवायला मोरीत गेले. मासीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, "बेन, घर मूकीने जता नहीं," घर सोडून जाऊ नको, असं म्हणून तीही गेली. आईनं ओलं फडकं आणून ठसे पुसले. सिमेंटवरून कुंकू पुरतं निघालं नाही, गुलाबी डाग राहिले. मग तिनं पेटी उघडली आणि एकेक कपडा काढून मांडणीवर ठेवला. आजीची साडी मात्र तिनं काढली नाही. पेटी तशीच खाटेखाली सरकवली. ती रडली असती तर मी सांगितलं असतं, असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं नाही. ती रडली असती तर मी आणखी घाबरले असते.

आखाजीच्या दिवशी आम्ही तिघं त्या खोलीत बसून होतो. दिवसा दिवा चालू, रेडिओ चालू. मासी कबूल केल्याप्रमाणे सकाळी येऊन पाणी शिंपडून गेली, कारण तिला नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही. घर आता खरोखर भरलेलं होतं आणि भरलेलं दिसायची सगळी सोंगंही तशीच चालू होती. आईनं उंबरठा पुजला, बोटं उमटवली, पुरणपोळी केली. दुपारी ती भिंतीला टेकून बसली आणि रेडिओवर गुजरातीत कसला तरी बाजारभाव सांगत होते, तो ऐकत राहिली. तिला गुजराती फारसं कळायचं नाही. मी तिच्याजवळ सरकून बसले. सांगते, आता सांगते, असं मी मनात म्हणत होते. तेवढ्यात भाऊ बाहेरून ओरडत आला. दारातल्या त्या मोठ्या चपला चोरीला गेल्या होत्या. आई आत, आम्ही आत, दिवा, रेडिओ, सगळं चालू असताना.

आई हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. तिनं पाणी मागितलं, मी दिलं आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

श्रावणात किराणावाल्याकडे फोन आला, आजी गेली. वडील तेव्हा घरीच होते. ते लगेच म्हणाले, ऊठ, चल, आत्ताची गाडी मिळेल. घर कोण बघेल हे कुणी विचारलं नाही. पुढच्या दाराला बाहेरून ते मोठं कुलूप लावलं आणि आम्ही चौघंही निघालो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. गावात बाया सांगत होत्या, आखाजीला म्हातारी दिवसभर ओट्यावर बसून होती, कुणी पायरी चढलं की हात पुढं करायची. हे ऐकताना आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

सुरतेला परतलो तेव्हा ते कुलूप जसंच्या तसं होतं. वडिलांनी ते हातात घेऊन बघितलं, उलटं करून बघितलं. मला तेव्हा त्यांचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला नाही, आणि त्यातला अर्धा माझा स्वतःचाच होता.

पुढच्या आखाजीला माहेरी जायचा प्रश्न नव्हता. सकाळी वडील पाळीवर गेल्यावर आईनं पुढचं दार उघडलं आणि कुंकू कालवून उंबरठ्याशी बसली. मी दळणाचा डबा घेऊन निघाले होते, ती बसलेली बघून थांबले. तिनं सासरच्या सगळ्या माणसांची बोटं उमटवली, नावं घेतली. सासरच्या उंबरठ्यावर माहेरच्या माणसाचं बोट उमटवत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी तिनं वाटी खाली ठेवली नाही. ती तिनं माझ्यापुढं धरली.

"तू लाव," ती म्हणाली. "तुनं बोट मी वळखस."

तुझं बोट मी ओळखते. मी हातातला डबा खाली ठेवला.

"माय, तू तवयच सांगाले जोयजे व्हतं," मी कशीबशी म्हणाले. "मना नाव सांगाले जोयजे व्हतं." तेव्हाच माझं नाव सांगायला हवं होतंस.

"सांगीसन काय व्हतं?" तिनं पदरानं हात पुसले. "तुले मार पडता. आनि मी तरी जाती, असं कोठे शे? त्यास्ले निमित्तच जोयजे व्हतं."

त्यांना नाही म्हणायला निमित्तच हवं होतं. हे तिनं इतक्या सहज सांगितलं, जसं काही चारही उपाय करताना, ती तालीम घेताना, ती साडी पेटीत ठेवताना तिला ते माहीतच होतं. मी खाली बसले. सिमेंटवर गेल्या वर्षीचे सहा गुलाबी डाग अजून होते. मी कुंकवात बोट बुडवलं आणि त्यांच्या पलीकडे, अगदी कडेला, एक ठसा उमटवला. ठसा उमटवताना नाव घ्यायचं असतं. आजीचं नाव मला ठाऊक होतं, पण ते घ्यायचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटलं नाही. मी आईकडे पाहिलं.

"मनी माय," आई म्हणाली, माझी आई. मग तिनं वाटी उचलली आणि दार लावून घ्यायला सांगितलं.